आक्काच्या लुगड्याला मी फसले नाही

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे आणि हट्टी आहे. हट्टाचं आधी सांगायला हवं होतं. माझं नाव कावेरी. शहरातल्या गंगावेशीच्या चौकात म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकांच्या समोर धार काढतात, तिथे मी सहा वर्षं उभी राहिले आहे. लोक फेसाळ दुधाचा पेला तोंडाला लावतात, मिशी पांढरी करून घेतात आणि दुधाची वाहवा करतात. दिवाळीच्या पाडव्याला माझी शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात आणि मोटारसायकलमागे मला पळवतात. सगळे म्हणतात, बघा, मालकाच्या हाकेवर कशी पळते! मी पळते, कारण त्या दिवशी मला पळावंसं वाटतं. मला मात्र कुणी काही विचारत नाही.

विचारते ती एकटी आक्का. तिचं नाव रुद्राणी, पण अख्खी गल्ली तिला आक्का म्हणते, तिचा मुलगा मृत्युंजयसुद्धा. ती कोमट पाण्यात हात बुडवते, माझ्या कासेवरून फिरवते आणि म्हणते, "बा गं, कावेरी, बा." तिच्या माहेरच्या कानडीत बा म्हणजे ये. मी तर समोरच उभी असते. ती माझ्या पान्ह्याला बोलावत असते.

या वेताचं माझं रेडकू चौथ्या दिवशी दगावलं. मी आंबोणाला तोंड लावलं नाही. दूध रेडकासाठी असतं, मित्रांनो. तुम्ही मागाहून आलेले पाहुणे. आक्का दोन दिवस माझ्या गळ्यात हात टाकून बसली, रडलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी पान्हा सोडला. तो आक्काला सोडला, घराला नव्हे.

मग श्रावणात आक्का गोठ्यात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. तिला दवाखान्यात ठेवलं. मृत्युंजय चरवी घेऊन आला, हाक नाही, पाणी नाही, बसला आणि सड ओढायला लागला. मी पान्हा चोरला. तीन दिवस चोरला. कास तटतटून दुखायची, थेंब थेंब गळायची, पण मी पाय आपटत राहिले.

"एकाच हाताला दूध देणारी म्हस काय कामाची?" असं म्हणून त्याने हातकणंगल्याच्या एका गिऱ्हाइकाला फोन केला. आक्का घरी यायच्या आत मला विकायचं ठरलं.

चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. "पावणं, आधी धार काढून दाखवा," ते म्हणालं.

मृत्युंजय घरात गेला आणि आक्काचं हिरवं लुगडं गुंडाळून बाहेर आला. खाली पँट, वर पदर. नेहमीच्या बाईचं लुगडं नेसलं की म्हैस फसते, असं या लोकांना वाटतं. शेजारची हुसेनबी रोज आमच्याकडून दूध नेते. ती भिंतीवरून वाकून हसायला लागली. "अरं मृत्युंजय, मिशी झाक की पदरानं! तिला डोळं न्हाईत व्हय?"

लुगड्याला आक्काचा वास होता, शेणाचा आणि विभूतीचा. खरं सांगते, माझं मन हललं. मला आक्काची फार आठवण आली. तेवढ्यात हात लागला, कोरडा आणि घाईचा. मी लाथ मारली. चरवी गडगडत दारापर्यंत गेली.

"पान्ह्याची सुई टोचा की एक," गिऱ्हाईक म्हणालं. "आपोआप सोडती."

मृत्युंजय लुगडं सोडता सोडता थांबला. "आक्कानं कवा सुई लावली न्हाय. मीबी लावणार न्हाय."

गिऱ्हाईक निघून गेलं. त्या एका बोलण्यासाठी मी मृत्युंजयला थोडी माफी दिली. थोडीच.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. हाताला प्लास्टर होतं. घरात न जाता ती आधी गोठ्यात शिरली आणि डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. "डॉक्टर म्हणत्यात, मूठ पैल्यासारखी वळायची न्हाय. माझ्या हातनं धार व्हायची न्हाय आता, कावेरी." मी रेकले. दुसरं काय करणार?

हुसेनबीने भिंतीवरूनच तिला सगळं सांगून टाकलं. आक्का मुलाकडे वळली. "इकायला निघालतास हिला? बस खाली. इचार तिला."

"म्हशीला काय इचारू?"

"देतीस का, म्हणून."

तो त्याच्या रोजच्या शर्टात खाली बसला. कोमट पाण्यात हात बुडवला. हुसेनबी बघत होती म्हणून लाजला, तरी हळूच म्हणाला, "बा गं, कावेरी. देतीस का?"

मित्रांनो, मला दाव्याने बांधता येतं, बाजारात नेता येतं, विकताही येतं. पान्हा मात्र मागावाच लागतो. माझ्यावर माया करा, म्हणून मी तुम्हाला विनवणार नाही. विचारत जा, एवढंच.

त्या दिवशी मी मृत्युंजयला अर्धी चरवी दिली. बाकीचं दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, पुन्हा विचारल्यावर द्यायला.