बाबांनी ठेवलेले पाटे

"पाटे ज्याने बसवले, त्याने पहिल्या फेरीला मागे हौद्यात बसायचं. बरोब्बर चाकाच्या वर. आपल्या कामाचे दणके आधी आपल्या कमरेला बसू देत."

गाडीखाली शिरताना चिमीला बाबांचं हे बोलणं हमखास आठवायचं. चिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, लहानपणी मूठभर होती म्हणून पडलेलं. आता चाळिशी उलटली होती, जुन्या पिकअपमधून ती लोकांची बिऱ्हाडं, गाद्या, रोपवाटिकेतली रोपं पोचवत होती, तरी घरच्यांसाठी ती चिमीच राहिली.

आज सकाळपासून मागच्या उजव्या चाकाशी आवाज येत होता. खड्डा आला की कट्, वळण आलं की कट्. एरवी तिने संध्याकाळवर ढकललं असतं, पण आज संध्याकाळ मोकळी नव्हती. गावाबाहेरच्या मधवाल्या काकांना तिने शब्द दिला होता. त्यांच्या शेजारच्या बागेत उद्या पहाटे औषध फवारणार होते. त्याआधी मधमाश्यांच्या पेट्या तिथून हलवल्या नाहीत, तर काकांच्या भाषेत, 'सगळं कुटुंबच जाईल'.

"दिवस मावळला की माश्या घरी येतात. मग मी पेट्यांची दारं लावतो," काका म्हणाले होते. "पण गाडी आपटली तर आतली पोळी तुटतील हो. तुझी गाडी मऊ चालते ना?"

"अगदी झोपाळा आहे, काका. आमच्या दादाने नवे पाटे बसवलेत. मी येते."

म्हणून ती आता अंगणात गोणपाट अंथरून पाठीवर पडली होती. चाक काढलं होतं, गाडी स्टँडवर होती. एकावर एक रचलेले ते कमानदार लोखंडी पाटे, ज्यांच्या जिवावर सगळा भार तोलला जातो, तिने डिझेलच्या फडक्याने पुसायला घेतले.

फडक्याला काळा रंग आला. एवढ्या तेवढ्यावर रंग सुटतो, तर खाली नीट घासलेलंही नव्हतं. तिने जरा जोर लावला. रंगाखालून गंज निघाला, जुना, खवलेदार. वरून दुसरा पाटा मधोमध तडकला होता. आणि खालच्या पाट्याचं टोक जिथे वरच्याला टेकतं, तिथे खोल चर पडला होता. चिमीने त्यात नख घातलं. अख्खं नख आत गेलं.

नव्या पाट्यांना असा चर पडायला कैक वर्षांची रपेट लागते. हे पाटे बसवून तर अजून पावसाळासुद्धा लागला नव्हता.

ती तशीच पडून राहिली. नख त्या चरातच.

बाबा गेले तेव्हा वाटणी सोपी झाली होती. गॅरेज दादाचं, पिकअप चिमीची. आणि बाबांनी शेवटच्या दिवसांत मिळवून ठेवलेली नव्या पाट्यांची जोडी, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून कामाच्या टेबलाखाली सरकवलेली, तीही चिमीचीच. डाव्याउजव्याची गफलत नको म्हणून बाबांनी खिडकीचा उरलेला निळा रंग आणायला लावला होता. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ठिपके चिमीने लावले. डाव्या पाट्याच्या मधल्या बोल्टाशेजारी एक, उजव्याला दोन. ब्रश सापडेना, तर सरळ अंगठ्याने.

पुढे दादाने ते पाटे बसवायला गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि मागची बाजू काळ्या रंगाने चकचकीत करून परत दिली.

"चल, बस मागे," चिमी हसत म्हणाली होती. "बाबांचा नियम."

"माझी कंबर धरलीय गं," दादाने कमरेवर हात ठेवला होता. "आणि मी बसवलेत म्हटल्यावर तुला परीक्षा कशाला हवी?"

खरंच, कशाला हवी? सख्ख्या भावाचं काम खाली वाकून तपासायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. ती वाकली नाही. नियम मोडला तो दादाने, पण मोडू दिला तिने.

चिमीचा एक नेम होता. दिवसाअखेरी हात जोडून, ज्याने ज्याने आपलं भलं केलं त्याचं नाव देवापुढे घ्यायचं. पाटे बसवल्यापासून त्यात दादाचं नाव एकदाही चुकलं नव्हतं. दादाला ते ठाऊक होतं. जेवायला आला की तो विचारायचा, "काय गं, आज माझा नंबर कितवा लागला?" आणि वर आणखी वाढ म्हणून ताट पुढे करायचा.

तिने चाक परत चढवलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, आजारी माणसाला हाताला धरून न्यावं तशी, गॅरेजकडे नेली.

दादा दारातच चहा पीत होता. त्याची स्वतःची पिकअप, चिमीच्याच बनावटीची, गेल्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून आणलेली, आत उभी होती.

"या, या! आज सकाळी सकाळी बहिणाबाई? गाडी काय म्हणते?"

चिमी सरळ दादाच्या गाडीमागे गेली, गुडघे टेकले आणि खाली वाकून पाहिलं. डावीकडे एक निळा ठिपका. ती सरकून उजवीकडे गेली. तिथे दोन. धूळ पुसली तर अंगठ्याच्या रेघासुद्धा जशाच्या तशा होत्या.

ती उठली. दादाचा चहाचा पेला तोंडापाशीच थांबला होता.

"तुझे झिजलेले माझ्या गाडीला," ती हळूच म्हणाली. "आणि बाबांनी मला दिलेले तुझ्या गाडीला."

"हे बघ, ऐकून तर घे. मी सिमेंट वाहतो, चिमे. सळया वाहतो. तू काय वाहतेस? गाद्या! मोगऱ्याची रोपं! तुला काय करायचेत एवढे दणकट पाटे?"

"दुसरा पाटा तडकलाय."

"एक तडकला ना? खाली बाकीचे आहेत की."

"गेल्या आठवड्यात आईला शेजारी बसवून घाट उतरले मी. तूच तिला हात देऊन गाडीत चढवलंस."

दादाने पेला खाली ठेवला. "मला काय माहीत तडकेल म्हणून."

"मागायचे होतेस."

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

"असं कधी म्हणालेय मी तुला?"

दादा चिडला. "बरं बाई, चुकलो! एवढं काय आकाश कोसळलंय? उद्या बदलून देतो. दोन लोखंडाच्या पट्ट्यांपायी भावाला चोर ठरवायला निघालीस."

"लोखंडाचं नाही रे." चिमीचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "मी देवापुढे तुझं नाव घेत होते आणि तू माझ्याच ताटावर बसून त्यावर विनोद करत होतास. तुला घास कसा गिळवला, एवढंच कळत नाही मला."

दादा भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिला.

"उद्या नको," ती म्हणाली. "मला आज जायचंय. काकांना शब्द दिलाय."

तिने पदर खोचला आणि जॅक ओढत आणला. आधी दादाची गाडी उचलून स्टँडवर टेकवली, मग शेजारी आपली. नट बाबांनी शिकवलं तसे सोडवले, आधी तेल सोडायचं, मग नटाला थोडा वेळ द्यायचा, मग पाना. जोडीतला एक पाटा उतरवताना तिच्या मनगटाचं सालपट निघालं, तर तिने नुसती फुंकर घातली.

एक नट काही केल्या हलेना. ती पान्यावर सगळा भार टाकून लोंबकळली, तरी नाही. तेव्हा दादा मुकाट्याने लांब पाइप घेऊन आला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि तिच्या शेजारी हात ठेवून दाबला. नट किंचाळून सुटला. अशीच दोघं बाबांच्या हाताखाली कितीदा तरी शेजारी शेजारी लोंबकळली होती. पूर्वी नट सुटला की दोघं हसायची. आज कुणी हसलं नाही. चिमीने पाइप काढून त्याच्या हातात दिला. "आता जमेल माझं मला."

दुपार सरली. वहिनीने पाठवलेला डबा तसाच झाकलेला राहिला. चिमीने बाबांचे पाटे आपल्या गाडीला चढवले, पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट दोन्हीकडून सारखे आवळले, ग्रीस भरलं. दादाचे जुने पाटे तिने फेकले नाहीत, पुसून त्याच्या गाडीशेजारी नीट मांडून ठेवले. तडकलेला सगळ्यात वर, दिसेल असा.

गाडी जमिनीवर उतरवली तेव्हा मागची बाजू ताठ उभी राहिली. चिमी हात धुवायला गेली. परत आली तर दादा हौद्यात, उजव्या चाकाच्या वर, फाळक्याला टेकून बसलेला. लहानपणी रुसला की बसायचा तसाच, गुडघे जवळ घेऊन.

"चल," तो खाली बघत म्हणाला. "पहिली फेरी. बाबांचा नियम आहे ना."

चिमीने फाळक्याची कडी काढली.

"उतर दादा."

"अगं, बसू दे की. तेव्हा नाही बसलो, आता बसतो."

"बसवणाऱ्याने बसायचं असतं. हे तू नाही बसवलेस."

तो खाली उतरला आणि हात पुढे केला. "मग तू बस मागे. किल्ली दे, मी चालवतो. सावकाश नेतो."

नियम तसाच होता. मागे बसणाऱ्याने डोळे मिटून बसायचं, आणि चालवणारा आपल्याला सांभाळून नेईल हे धरून चालायचं. चिमीने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग त्या पुढे आलेल्या, काळ्या पडलेल्या तळहाताकडे. तो तळहात तिला तिच्या स्वतःच्या हाताइतका ओळखीचा होता.

"आज नाही देता येत रे," ती म्हणाली.

दादाने हात मागे घेतला आणि उगाच पँटला पुसला. "आज रात्री नावांत..." त्याने सुरुवात केली, पण वाक्य पुरं केलं नाही. तिनेही पुरं करायला मदत केली नाही.

ती गाडीत बसली, किल्ली फिरवण्याआधी रोजच्यासारखे हात जोडले. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता, तो तिने अगदी हळू ओलांडला. मागून आवाज आला नाही. थांबून ती खाली उतरली, चारी यू-बोल्टांना पाना लावून पाहिला. एक नट अर्धं पेर सरकला, तो आवळला. गॅरेजच्या दारात दादा अजून उभा होता, ते तिला दिसलं. तिने पाना सीटखाली ठेवला.

ऊन उतरायला लागलं होतं. माश्या आता घरी परतत असतील. चिमीने गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला घातली.