सावळारामआबांचा अलिप्ततावाद

नववीच्या पुस्तकातलं शीतयुद्ध काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा नीलम मॅडमनी फळ्यावरचे अमेरिका-रशिया पुसले आणि गावच्या सोसायटीची निवडणूक मांडली. इकडे छत्री पॅनल, तिकडे कपबशी पॅनल. दोन्ही पुढारी लग्नात एकाच पंगतीला बसतात; डोकी फुटतात ती भावकीची.

"म्हंजी व्हिएतनाम आमच्याच आळीत व्हतं की," मागून ऋषी म्हणाला. वर्ग हसला आणि जागा झाला.

मॅडम नारायणगावच्या, रोज जीपने येणाऱ्या. त्यांना गावाच्या भानगडींशी काय घेणंदेणं? शिवाय इथलं बोलणं इथंच राहील, असा त्यांनी शब्द दिला.

त्या शब्दावर आरोही उठली. तिचे आबा, सावळाराम, छत्रीचे उमेदवार. पण भावकीतली काही मतं त्यांनी आतून कपबशीलाही कबूल केली होती.

"आबा म्हणत्यात, दोघांनाबी हो म्हणायचं. मग कुनीबी येवो, आपलं अडत न्हाई."

यालाच अलिप्ततावाद म्हणतात, असं सांगून मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. आरोहीच्या वाट्याला शाळेत टाळ्या पहिल्यांदाच आल्या.

मॅडमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या दिवशी भाजीबरोबर हा किस्साही पानात पडला. सासरे सुभाषचंदशेठ पोट धरून हसले. त्यांचं खताचं दुकान. गिऱ्हाईक दोन्ही पॅनलचं. सकाळी त्यांनी दर गोणीमागे हा किस्सा फुकट दिला.

छत्रीवाल्यांनी आबांना अर्ज मागे घ्यायला लावला. कपबशीवाले त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

आरोहीने आधी ऋषीची कॉलर धरली. तो शपथा घेऊन रडकुंडीला आला. संध्याकाळी आबांनीच उलगडा केला.

"सुभाषशेठच्या दुकानातून निघाली गोष्ट. तिथवर कुनी नेली, पोरी?"

उत्तर आरोहीला येत होतं. सुभाषशेठ मॅडमचे सासरे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

पुढच्या तासाला मॅडम वहीत बघूनच हजेरी घेत होत्या. मग उसनं हसू आणून म्हणाल्या, धड्यात पुढे गटाच्या विश्वासघाताचा मुद्दा आहे, त्याचं आपल्या गावातलं एखादं उदाहरण सांगा.  त्यांनी आरोहीला उठवलं.

"गावातलं काय न्हाई, मॅडम. पुस्तकातलं सांगते."

तिने अख्खा परिच्छेद, स्वल्पविराम न चुकवता, घडाघडा म्हटला. तिच्यानंतर ऋषीनेही पुस्तकातलंच सांगितलं, त्याच्यामागच्यानेही. सगळी उत्तरं बरोबर होती. मॅडमना प्रत्येकाला शाबास म्हणावं लागलं.