घेतलं तसं घर

दाजींनी खिशातून टॉर्च काढला आणि भर दुपारी ओट्याखालचा कोपरा तपासायला ते वाकले. भाडेकरू घर सोडताना मालकानं आधी वाकायचं, मग बोलायचं, हा त्यांचा नियम. मागे त्यांचा मेहुणा वही घेऊन उभा होता. त्यानं नुकताच भाड्यानं द्यायला एक फ्लॅट घेतला होता आणि या धंद्यात दाजींइतका पोचलेला माणूस नात्यात दुसरा नव्हता. निदान दाजींचं तसं म्हणणं होतं.

"लिही," दाजी ओट्याखालून म्हणाले. "तक्रार आली की नाही म्हणायचं नाही. 'बघतो' म्हणायचं. तीनदा बघतो म्हटलं की भाडेकरू आपणहून दुरुस्त करतो. या बाईंनी अकरा वर्षांत मला एका स्क्रूचा खर्च पाडला नाही."

बाई खांद्याला पिशवी लावून दारातच उभ्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेलेली. भाडेकरूसमोर आवाज खाली आणावा असं दाजींना कधी वाटलं नव्हतं. भाडेकरू म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीवरची पाल, फक्त जरा जास्त बोलकी.

"पाच वाजता बँकेतले साहेब घर बघायला येतायत. दीडपट भाडं! आता पाण्याचा जोर बघ."

त्यांनी नळ फिरवला. नळाच्या मानेतून फवारा उडून थेट त्यांच्या शर्टावर आला. नळ काही केल्या बंद होईना. नीट दिसावं म्हणून दाजींनी घाईघाईनं दिव्याचं बटण दाबलं, ते आत गेलं ते गेलंच. बाथरूमची कडी एका स्क्रूवर लोंबत होती.

"हे काय? मागच्या महिन्यात सगळं धडधाकट होतं!"

"ते माझं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक खोका काढून ओट्यावर ठेवला. आत नुसत्या चिठ्ठ्या होत्या, बारीक नेटक्या अक्षरातल्या. 'ओट्याचा नळ, पहिल्या आठवड्यात काढला.' 'बाथरूमची कडी.' "तुमचं सगळं जपून ठेवलं होतं. काल फिटर बोलावून जिथल्या तिथं बसवून घेतलं."

"अहो, असं करतं का कुणी?"

"माझं बसवलेलं राहू देऊ का, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'तुमचं भंगार माझ्या घरात नको. करारात लिहिलंय तसं करा. घेतलं तसं परत.'"

मेहुण्याचं पेन थबकलं.

"दाजी, हेही लिहू का?"

बाईंनी किल्ली खोक्यात टाकली आणि त्या जिना उतरून गेल्या. मागे वळून त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पाचला दारावर थाप पडली, कारण बेलही दाजींचीच होती. साहेबांची बायको थेट स्वयंपाकघरात आली, पाण्याच्या थारोळ्यातून जपून पाय टाकत ओट्यापाशी थांबली.

"हा नळ दुरुस्त करून मिळेल ना?"

दाजींनी ओला शर्ट झटकला. अकरा वर्षं या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. जीभ सवयीनंच वळली.

"बघतो."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. साहेब दाराकडे वळलेही होते.

"बरं," ती म्हणाली, "मग आम्हीही बघतो."