पांढरं विमान

खासगी छोट्या विमानांच्या अपघातांत मरणाऱ्यांचा आकडा घसरत होता आणि अपघात तपासणीच्या कार्यालयात सगळे खूश होते. वार्षिक अहवाल लिहिणारी बाई मात्र नव्हती. एकूण आकडा उतरत असला तरी मेलेल्यांत साठी उलटलेल्या वैमानिकांचा वाटा वाढत होता. हवा स्वच्छ, विमान धडधाकट, धावपट्टी रोजच्या ओळखीची. जबाबांमध्ये क्लबातल्या मित्रांचं वाक्यही ठरलेलं : त्यांचा हात बसलेला होता. डोळ्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं.

तिचे वडील निवृत्त दंतवैद्य आणि हौशी वैमानिक. सत्तरी ओलांडलेले, हात बसलेला.

"रविवारी नातीला वर नेतो," त्यांनी जेवताना जाहीर केलं. नात आनंदानं खुर्चीतून पडायचीच बाकी होती.

"बाबा, तुमच्या वयाचे वैमानिक जास्त मरतायत."

"कारण उडतायतच म्हातारे. तरुणांना कुठे वेळ आहे? कोण किती तास उडतं, हे मोजलंय का तुझ्या ऑफिसनं?"

मोजलं नव्हतं. हौशी वैमानिकांचे तास कुणीच धड मोजत नाही. तिनं वाद सोडला, पण शंका काही सुटेना. बाबांनी हल्ली शब्दकोडं सोडून दिलं होतं. कोडी फालतू झालीत, म्हणत. नजर तपासून दाखला देणारा डॉक्टर त्यांच्याच क्लबातला. आणि छोट्या विमानतळावर रेडिओ सांभाळणारा त्यांचा जुना मित्र, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो तिला पाहिलं की न विचारताच बाबांबद्दल सांगे, "डॉक्टर एकदम ठणठणीत."

रविवारी विमानतळावर ती म्हणाली, "आधी मला एक चक्कर मारून आणा. मग तिला न्या."

"तुझी आई भित्री भागूबाई आहे," बाबा नातीला म्हणाले. "तू भोंग्याजवळ बस."

उड्डाण सुरेख झालं. रेडिओवर भोंगा मात्र जरा जास्तच बडबडत होता. "डॉक्टर, उजवीकडे खाली एक विमान वळतंय."

"दिसलं," बाबा म्हणाले. विमान खरंच होतं. पण बाबा बघत होते त्याच्या कितीतरी वर.

तिनं थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाली, "बाबा, डावीकडे एक विमान येतंय. आपल्याच उंचीवर."

डावीकडे रिकामं आकाश होतं.

बाबांनी मान वळवली. "दिसलं."

"कुठल्या रंगाचं?"

"पांढरं."

छोटी विमानं बहुतेक पांढरीच असतात.

"बाबा, तिथं काहीच नाही."

"तुझं मन राखायला म्हणालो," ते म्हणाले.

"रंगसुद्धा?"

बाबांनी विमान धावपट्टीकडे वळवलं. रेडिओवर भोंगा म्हणाला, "डॉक्टर, चहा गार होतोय." बाबांनी लगेच विमान खाली घेतलं. "आता बेताचा गरम आहे," भोंगा म्हणाला आणि बाबांनी हात स्थिर केला. चाकं अलगद टेकली. विमान उतरवलं होतं ते खिडकीतून बघणाऱ्या भोंग्यानं. बाबांनी फक्त दांडी धरली होती.

"कधीपासून चाललंय हे चहाचं?" तिनं विचारलं.

"पट्टी जरा धूसर दिसते, एवढंच. बाकी सगळं येतं मला. आणि भोंगा आहे की."

"आणि त्याला नेमकी तेव्हाच शिंक आली तर? पोरगी असणार होती माझ्या जागेवर."

बाबा बराच वेळ पट्टा सोडवत राहिले.

नात धावत आली. तिच्यामागे भोंगा, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखं हसू.

"आज नको, बाळा," बाबा म्हणाले. "इंजिन कुरकुरतंय."

"हो हो, मलाही इथवर ऐकू आलं," भोंगा म्हणाला.

इंजिन केव्हाच बंद झालं होतं. तिनं बाबांपुढे हात केला. "किल्ली."

त्यांनी मुकाट्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिला ते फार सोपं वाटलं.

"आणि दुसरी?"

"दुसरी नाहीच," दोघंही एकदम म्हणाले.

तिनं हात तसाच पुढे ठेवला, आता भोंग्यासमोर.