बर्नाबीचे कावळे

चारुदत्तने कठड्यावरची कागदी प्लेट पुन्हा एकदा सरळ केली, भाताच्या मुदीवर चमचाभर दही घातलं आणि आत येऊन बाल्कनीचं काचेचं दार ओढून घेतलं. आज मुदीशेजारी भाकरीचा पापुद्रा होता आणि त्यावर लसणाची चटणी. आईला तेवढं जेवण पुरायचं.

बाहेर आभाळ काळं होत आलं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर रोज संध्याकाळी हजारो कावळे व्हँकुव्हरकडून बर्नाबीत येतात आणि घरांवरून पुढे आपल्या मुक्कामाच्या झाडांकडे निघून जातात. अर्धा तास नुसती कावकाव चालते. त्यातल्या एकालाही चौथ्या मजल्यावरच्या दहीभातात रस नव्हता.

“त्यांना फ्राइजची सवय आहे,” उल्का मागून म्हणाली. “आणि अहो, बिल्डिंगच्या स्ट्राटा कमिटीची नोटीस लागलीय लॉबीत. पक्ष्यांना खायला घातलं तर फाइन मारणार आहेत.”

“मारू देत.”

एरवी रिसायकलिंगचा डबा चुकला तरी कासावीस होणारा तिचा नवरा आज असं बोलतोय, ते का, हे तिला ठाऊक होतं.

आई आजारी पडली ते दोन हजार आठ साल. चारुदत्तचं वर्क परमिट रिन्यू व्हायचं होतं. आता देश सोडलात तर परत येणं कठीण, असं वकिलाने बजावलं होतं आणि ऑफिसात दर आठवड्याला कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. तो फोनवर सांगत राहिला, “कागद आले की निघतो.” आई म्हणायची, “येशील सावकाश. मी कुठं पळून चाललेय?” मग ती गेली. कागद त्यानंतर आले.

दहाव्याला सगळे साताऱ्याहून संगम माहुलीच्या घाटावर जमले. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलेला नाही असं समजायचं. तोवर मंडळी थांबतात, एकेक जण पुढे होऊन वचन देतो. दादाने वडिलांना, आप्पांना, सांभाळायचं कबूल केलं. मावशीने तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा फिरकला नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे घरी परतले.

“जन्मभर दारात उभं राहून आईनं घास घातले रे यांना,” दादा त्या दिवशी फोनवर म्हणाला होता. रडून त्याचा आवाज बसला होता. “आणि वेळेला एक मेला आला नाही. एवढी कृतघ्न जात नाही बघितली मी.”

दादा कावळ्यांवरच चिडला होता, दुसऱ्या कुणावर नाही. तरी त्या दिवशी चारुदत्तला घास गिळवला नाही. आई आपल्यावर रुसून गेली, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. इथल्या एखाद्या कावळ्याने भाताला चोच लावली, तर ती रुसली नव्हती एवढं तरी कळलं असतं.

तो प्लेट उचलायला बाहेर आला तेव्हा शेजारच्या बाल्कनीत मिसेस लाम कांदापातीच्या कुंड्या झाकत होत्या. ग्वांगजौच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर जुन्या कविता शिकवल्या होत्या. आता लेकाकडे राहत. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नसे.

“तुझी आई वारली, बायको म्हणाली,” त्या म्हणाल्या. “तू रोज कावळ्यांना जेवण ठेवतोस. चांगला मुलगा आहेस.”

चांगला म्हटल्यावर त्याला राहवेना. घाट, पिंड, न आलेला कावळा, सगळं त्याने सांगून टाकलं.

“म्हणजे तुमच्यात कावळा आला की आई आली?”

“तसंच काहीसं.”

मिसेस लाम यांनी मान हलवली. “आमच्या जुन्या कवितांत उलटं आहे. कावळा म्हणजे मुलगा. आई म्हातारी होते, तिच्याने उडवत नाही. मग पिल्लू चोचीतून घास आणतं, तिला भरवतं. आमचे कवी नोकरीसाठी फार लांब असायचे. घरी आईबाप थकलेले, आणि यांना जायची परवानगी नाही. मग ते लिहायचे, माझ्यापेक्षा कावळा बरा.”

“परवानगी नाही,” चारुदत्त म्हणाला.

“राजा सोडायचा नाही.”

तेवढ्यात थव्यातला एक कावळा खाली आला आणि कठड्यावर बसला. दोघंही जागच्या जागी थांबले. कावळ्याने मान तिरकी करून भाकरीकडे बघितलं, चटणी नापसंत केली आणि भाताचे दोनतीन घास चोचीत भरून घेतले. मग तो उडाला.

“गिळला नाही त्याने,” मिसेस लाम हळूच म्हणाल्या. “घेऊन चाललाय.”

उल्का दारात आली होती. तिचे डोळे भरले होते. “शिवला हो. दादांना कळवा आधी.”

साताऱ्यात नुकतं उजाडत होतं. तिनेच फोन लावून त्याच्या हातात दिला.

“शिवला? खरंच?” दादाने मोठा श्वास सोडला. “सुटली रे आई. बघ, तिकडच्या परक्या कावळ्यांना कळलं. आणि आपले, तिच्या हातचं खाऊन वाढलेले मेले...”

“दादा.”

दादा थांबला. कठड्यावर भाताची शितं चिकटून राहिली होती, ती चारुदत्त बोटाने टिपत राहिला.

“त्यांना काही बोलू नकोस, दादा,” तो म्हणाला. “यायचं होतं रे त्याला.”