आडरानातली गाठ

डॉक्टरीणबाईंच्या एवढ्या बोलण्यात धुळाप्पाला एकच शब्द ओळखीचा वाटला, आडरान. जन्म गेला मेंढरांमागं आडरान तुडवण्यात, वाटणारच की. पण त्याच्या बायकोचा, चिमाबाईचा, फुफ्फुसातला कॅन्सर म्हणे आडरानात पसरलाय. आता बाईमाणसाच्या पोटात आडरान कुठून आलं? त्यानं लेकीकडं बघितलं. सोनाली इथं सोलापुरातच कपड्याच्या दुकानात कामाला, चार बुकं शिकलेली.

"आडरान न्हाय आप्पा, ॲड्रिनल," ती म्हणाली. "किडनीच्या डोक्यावर बारकी गाठ असती, ती."

डॉक्टरीण 'ग्रंथी' म्हणाली होती, लेकीनं त्याची गाठ केली, आणि हिथंच घोळ झाला. धुळाप्पाचा जीव भांड्यात पडला. अहो, बिरुदेवाच्या जत्रेला किती बकरी सोलली असतील त्यानं! गुर्द्याभोवतीची चरबी काढली की शेंगदाण्याएवढी तांबूस गाठ निघतेच. धडधाकट बकऱ्यालाही असते. शहरातल्या माणसांना ती कुठली ठाऊक? यंत्रात दिसली आणि घाबरली बिचारी. लेक अजून डॉक्टरीणबाईंशी बोलतच होती, तोवर हा गडी उठून तडक वॉर्डात.

चिमाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ऊठ गं. कायबी झालं न्हाय तुला. ती गाठ समद्या बकऱ्यांस्नी असती."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग हसली. कितीतरी दिवसांनी हसली. लेकीनं आणलेलं भाकरीचं फडकं सोडून तिनं भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली. शेंगाचटणीशी दोघं जेवली.

"उद्या घरी जाऊ, वळसंगला," तो म्हणाला.

"जाऊ की," ती म्हणाली.

तेवढ्यात सोनाली आली आणि त्याला बाहेर घेऊन गेली. तिचे डोळे लाल झालेले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं. धुळाप्पा मात्र तोऱ्यात होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "बाई, ती गाठ तर समद्यांलाच असती की."

बाई हसल्या नाहीत. "असते, मामा. पण ती बारीक असते. यांच्या दोन्ही बाजूंच्या लिंबाएवढ्या झाल्यात. तिथं कॅन्सर पोचलाय."

"फोपसं कुटं, गुर्दा कुटं? चालत गेला का त्यो?"

"रक्तातून गेला."

औषधानं त्रास कमी होईल, दुखणं मुळातून जाणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. हिथं ठेवून औषध चालू करायचं की घरी न्यायचं, ते घरच्यांनी ठरवावं म्हणाल्या. धुळाप्पाच्या डोक्यात नुसता कालवा. गाठ असते हेही खरं, आणि तीच गाठ जीव घेणार हेही खरं? मघाशी ज्या तोंडानं तिला हसवलं, त्याच तोंडानं आता काय सांगायचं? तरी तो वॉर्डात आला.

चिमाबाई उठून बसली होती.

"लिंबाएवढी हाय न्हवं?" तिनंच विचारलं. "सकाळी डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी उभं राहून बोलल्या की. मी काय भैरी हाय व्हय?"

तो खाटेपाशी आला. "मग मघाशी हसलीस का?"

"अवं, बकरं तुमी कापता, पर गुर्दं-वजडी साफ कोण करतंय? ती गाठ केवढी असती ते मला ठावं हाय." तिनं पदर सावरला. "कालपासनं तुमी अन्नाला शिवला न्हवता. म्हणलं, मी हसले तर तुमी जेवाल."

धुळाप्पाला रडू कोसळलं. चार खाटांवरची माणसं बघत होती, त्याला त्याचं भान नव्हतं.

"चिमे, मला कायच उमजंना. तुला घरी नेऊ का हितं ठिवू?"

"मलाबी उमजंना," ती म्हणाली. "लई भ्या वाटतंय. बसा की हितं जरा."

तो तिच्या खाटेवर बसला.