उशिरा उतरवलेला पांगुळगाडा

मित्रांनो, फणसाच्या लाकडाचे माझे हे जुनाट अंग आणि कुरकुरणारी तीन चाके पाहून हसू नका. मी पांगुळगाडा आहे. ईशान्य थायलंडमधल्या एका खेड्यात थोंगदी सुताराने मला आपल्या लेकीसाठी, पिम्पासाठी घडवले.

पिम्पा मला ढकलत अंगणभर हिंडे. रांजणावर आपटे, पडे, रडे, पुन्हा उठे. कुठे वळायचे, कधी थांबायचे हे तिचे पाय शिकत होते आणि पायांबरोबर डोकेही. कोंबड्यांमागे धावता धावताच तिच्या तोंडी शब्द आले. "गाड्यानं पोरगी शहाणी केली!" थोंगदी शेजाऱ्यांना सांगे. मला कोण अभिमान वाटे!

ती चालू लागली आणि मला आढ्याला टांगले. वर्षे लोटली. थोंगदी वारला. पिम्पाला नवऱ्याने टाकले. तान्ह्या लेकाला, फूमला, घरी आपल्या बुआलाई मावशीपाशी ठेवून ती बँकॉकच्या कारखान्यात गेली. मावशी दारातच केळी तळून विके. पोर कढईत पडेल या धास्तीने तिने त्याला झोळीत घातले, पुढे हाती मोबाइल दिला. पोर गप्प राही. गिऱ्हाइके म्हणत, "किती गुणी!" मी वरून नुसता पाहत होतो.

नववर्षाला पिम्पा आली, तेव्हा फूम तीन वर्षांचा होता. त्याने आईकडे पाहिलेही नाही. त्याला धड चालता येत नव्हते, बोलणे तर दूरच. आरोग्य केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "आजार काही दिसत नाही. पण हे मूल हललंच नाही. हातपाय हलल्याशिवाय मेंदूला खुराक कुठला? आता दुप्पट मेहनत घ्या."

पिम्पाने मला खाली काढले. माझी दांडी फूमच्या मांडीशी आली. तो वाकला, दोन पावलांत बसला आणि मोबाइलसाठी किंचाळला.

"मावशी, काय करून ठेवलंस गं माझ्या पोराचं?"

"मी? कढई सोडून याच्यामागं धावले असते, तर खाल्लं काय असतं आम्ही? आणि तू फोनवर काय म्हणायचीस? 'गप्प आहे ना, मग बरं!'"

पिम्पाने फूमला उचलून पुन्हा माझ्या दांडीशी उभे केले.

सुट्टी संपली, तिला जावेच लागले. मावशीने झोळी सोडली, कढईभोवती बांबूचे कुंपण घातले. आता रोज सकाळी फूम मला वाकून ढकलतो. त्याच्या वयाची मुले पळत बालवाडीत जातात. आम्ही अजून अंगणाच्या टोकाला पोहोचलेलो नाही.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. तुमचे धाकटे भावंड रांगत असेल तर त्याला खाली सोडा. ते पडेल, रडेल. ते रडणे ऐकायला घरात कुणीतरी मोकळे असू द्या.